खुर्चीशेजारच्या कामाला विद्यापीठाची पायरी हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचे निकाल लागले की ‘डेंटल नर्सिंग करा, लगेच नोकरी मिळवा’ अशा जाहिराती नागपुरात दिसू लागतात. त्या वाचून चौकशीला येणाऱ्या मुलींमध्ये एक मोठा गट आधीपासूनच दवाखान्यात काम करणाऱ्यांचा असतो. धरमपेठ, सदर, मानेवाडा, मनीषनगर, जरीपटका, कुठेही जा. दंतवैद्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहून पाच-सात वर्षे हत्यारे हाती देणारी, ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेने हत्यारे निर्जंतुक करणारे यंत्र लावणारी, रुग्णाला धीर देणारी ताई दिसतेच. तिला पुढे शिकायचे असते, पण कुठे आणि कसे याचा धड पत्ता तिला कुणी देत नाही. हे पत्र त्या मुलींसाठी आहे, आणि ज्यांच्या हातात अभ्यासक्रम सुरू करणे आहे त्या विद्यापीठातल्या आणि दंत महाविद्यालयांतल्या मंडळींसाठीही.

आधी शब्दाचा घोळ दूर करू. ‘डेंटल नर्स’ हे पद भारतातल्या कायद्यात नाही. दंतवैद्यक कायदा, १९४८ तीन प्रकारची माणसे ओळखतो: दंतवैद्य, दंत आरोग्यक म्हणजे डेंटल हायजिनिस्ट, आणि दंतयांत्रिकी म्हणजे कवळ्या-कॅप बनवणारा डेंटल मेकॅनिक. परिचारिका हा शब्द परिचर्या परिषदेच्या नोंदणीशी बांधलेला आहे. खुर्चीशेजारी काम करणारी साहाय्यक या दोन्हींच्या मध्ये लोंबकळते. दवाखान्यात तिला ‘सिस्टर’ म्हणतात, पण तिचे नाव कोणत्याही नोंदवहीत नसते. ‘डेंटल ऑपरेटिंग रूम असिस्टंट’ हे नाव दंत परिषदेच्या कागदावर आहे, पण खासगी दवाखान्यात आलेली मुलगी त्या वाटेने आलेली क्वचितच असते. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. जुन्यातून नव्याकडे जाण्याचा हा काळ आहे, म्हणून साहाय्यकांचा प्रश्न मांडायची वेळही हीच आहे.

जाहिरात पाहून पैसे भरण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने दातांचे स्केलिंग (दातांवरचे किटण खरवडून काढणे) किंवा पॉलिशिंग करणे कायद्याला मंजूर नाही. ‘आमचा सहा महिन्यांचा कोर्स केल्यावर तुम्ही स्केलिंग करू शकाल’ असे कुणी सांगत असेल तर तिथून उठून यावे. दंत आरोग्यकाचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, त्याला बारावी विज्ञान लागते आणि संस्थेला दंत शिक्षणाच्या राष्ट्रीय नियामक संस्थेची परवानगी लागते. परवानगीच्या यादीत संस्थेचे नाव आहे का, आणि शिकून झाल्यावर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत नोंद होते का, एवढे दोनच प्रश्न विचारले तरी निम्म्या जाहिराती गळून पडतात.

आता कामाकडे येऊ, कारण आमचा सगळा मुद्दा कामातूनच निघतो. ‘त्यात शिकायचे काय, हत्यारे धुवायची आणि ट्रे लावायचा’ असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात या कामाच्या प्रत्येक पायरीत शास्त्र आहे, आणि कारण माहीत नसले की काम तिथेच बिघडते.

ऑटोक्लेव्हचेच घ्या. १२१ अंश सेल्सिअस, साधारण १५ पौंड दाब आणि पाउचमधल्या म्हणजे कागदी पाकिटातल्या हत्यारांना ३० मिनिटे. व्हॅक्यूमच्या बी-क्लास यंत्रात १३४ अंशांना ३ ते ४ मिनिटे. हे आकडे बहुतेकींना पाठ असतात. पण मिनिटे मोजायची ती बटण दाबल्यापासून नाही, आतले तापमान त्या आकड्यावर पोचल्यापासून, हे अनेकींना कुणी सांगितलेले नसते. मधेच वीज गेली तर राहिलेली मिनिटे पुरी करून चालत नाही, फेरी पहिल्यापासून लावावी लागते. पाउच एकावर एक कोंबले की वाफ आत शिरत नाही आणि बाहेर येताना ते ओले निघतात. ओल्या कागदातून जंतू आत जातात, म्हणून ओला पाउच निर्जंतुक धरायचाच नाही. पाउचवरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे पाउचला उष्णता लागली एवढेच कळते, जंतू मेले की नाही ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा ‘जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस’ या जंतूच्या बीजाणूंची चाचणी यंत्रात ठेवावी लागते. आणि नागपुरातले बोअरचे पाणी जड. ते टाकीत भरले की वर्षभरात हीटरवर आणि नळ्यांत पांढरा थर चढतो. डिस्टिल्ड पाणी वापरा असे यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, पण पुस्तिका इंग्रजीत असते आणि कपाटात असते.

हँडपीसची, म्हणजे दात कोरायच्या फिरत्या हत्याराची, गोष्टही तशीच. तेल न घालता ऑटोक्लेव्हमध्ये टाकला की त्याचे बेअरिंग लवकर खराब होते, आणि जास्त तेल घालून ते झटकले नाही की पुढच्या रुग्णाच्या दातावर तेलाचा थर बसून सिमेंट चिकटत नाही. खुर्चीच्या बारीक नळ्यांत रात्रभर पाणी साचून राहते, तिथे जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. म्हणून सकाळी २ मिनिटे आणि दोन रुग्णांच्या मध्ये २० ते ३० सेकंद पाणी वाहू द्यायचे. घाईच्या दवाखान्यात सगळ्यात आधी सुटते ते हेच, कारण न केल्याने त्या दिवशी काहीच बिघडलेले दिसत नाही.

आमच्या गावचा उन्हाळा तर स्वतंत्र धडा आहे. दातांचे माप घेण्याचे अल्जिनेट कालवायला २० अंशांच्या आसपासचे पाणी अपेक्षित असते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी हाताला चटका देते. पाणी १० अंशांनी जास्त गरम असले की अल्जिनेट साधारण मिनिटभर लवकर घट्ट होते, म्हणजे ट्रे तोंडात पोचायच्या आधीच ते वाटीत बसलेले असते. मग मुलगी काय करते? पाणी वाढवते. त्याने माप पातळ होते आणि काढताना फाटते. योग्य उपाय साधा आहे: भुकटी आणि पाणी मापातच ठेवायचे, पाणी मात्र माठातले किंवा फ्रिजमधल्या बाटलीतले मिसळून थंड करायचे. घेतलेले माप १० ते १५ मिनिटांच्या आत प्लास्टरने भरायचे, तोवर ओल्या टिशूत गुंडाळून डबीत बंद ठेवायचे. विदर्भाच्या कोरड्या हवेत ते उघडे राहिले की आकसते आणि कॅप बसत नाही. कॅप चिकटवायचे झिंक फॉस्फेट सिमेंट ज्या काचेवर कालवतात ती थंड हवी, भुकटी थोडी थोडी घालून काचेवर पसरवत ६० ते ९० सेकंद कालवायची. पण पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या काचेवर दव धरते, ते पुसले नाही तर त्या पाण्यानेच सिमेंट लवकर बसते आणि कमजोर होते. ग्लास आयोनोमर या दात भरायच्या सिमेंटच्या द्रवाची बाटली थेंब टाकताना उभी सरळ धरायची, तिरकी धरली की थेंबात हवा जाऊन द्रव कमी पडतो. द्रव अगदी शेवटी काढायचा, नाहीतर कूलरच्या वाऱ्यात त्यातले पाणी उडते. चकाकी गेलेले मिश्रण दातात भरायचे नाही.

हे सगळे रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि पदार्थविज्ञानच आहे. ती मुलगी ते रोज हाताने करते, फक्त त्याची परीक्षा कुणी घेत नाही आणि त्याचे गुण कुठे मांडले जात नाहीत.

तिच्या स्वतःच्या जिवाचाही प्रश्न आहे. कावीळ ‘ब’ ची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी अशी तीन वेळा घ्यायची, आणि शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडे मोजायची. ती प्रति मिलिलिटर १० मिली-आंतरराष्ट्रीय एकके (mIU) किंवा त्याहून जास्त असली तरच संरक्षण मिळाले असे धरतात. लस सगळे विचारतात, ही तपासणी फारसे कुणी विचारत नाही. सुई टोचली तर बोट दाबून रक्त काढत बसू नये, साबण-पाण्याने धुवावे, डॉक्टरांना लगेच सांगावे आणि सरकारी रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचार केंद्रात, जावे. एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावे, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत, आणि ते २८ दिवस पूर्ण घ्यावे लागते. ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून दोन दिवस गप्प बसणे हीच यातली सर्वात धोक्याची चूक. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम सांगतात की कर्मचाऱ्याला रुजू होताना आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षण द्यावे, कावीळ ‘ब’ आणि धनुर्वाताची लस द्यावी, आणि कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नये. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सक्शनच्या नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया-ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्यात. काढलेला दात पिवळ्या पिशवीत जातो, पण त्यात चांदीचे म्हणजे अमलगमचे फिलिंग असेल तर नाही, कारण तो भट्टीत जाळल्यावर पारा हवेत मिसळतो. हा एक अपवाद ज्या साहाय्यकेला माहीत आहे तिला नियम पाठ नाही, समजलेला आहे.

मग एवढे येणाऱ्या मुलीने पुढे जावे कुठे? आज ज्या वाटा दाखवल्या जातात त्या एकेक पाहू.

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी), म्हणजे परिचारिकेची पदविका, ही पहिली सुचवली जाते. वाट चांगली आहे, तीन वर्षांची आहे, त्यानंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवीपर्यंत जाता येते. पण ती वेगळी विद्याशाखा आहे. दंत दवाखान्यातली सात वर्षे तिथे शून्य धरली जातात, आणि पूर्ण वेळ वर्गात व वॉर्डात जावे लागत असल्याने पगार पहिल्या दिवशी थांबतो. ज्यांना खरोखर परिचारिका व्हायचे आहे त्यांनी जरूर जावे. दातांच्या कामात पुढे जायचे म्हणून मात्र जाऊ नये. वैद्यकीय महाविद्यालयांत आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) हा पदवी अभ्यासक्रम आहे, तीन वर्षे आणि वर एक वर्ष आंतरवासिता. प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह अशा शाखा त्यात आहेत. तिथेही दंत साहाय्याचा अनुभव मोजला जात नाही. दंत आरोग्यकाची पदविका ही खरी जवळची वाट, आणि राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमात दंतशल्यचिकित्सकाबरोबर दंत आरोग्यक आणि दंत सहाय्यक ही पदे धरलेलीही आहेत. अडचण अशी की साहाय्यक मुलींपैकी पुष्कळजणी बारावी कला किंवा वाणिज्य शाखेच्या असतात.

त्यांच्यासाठी एक मार्ग मोकळा आहे, तो फारसा सांगितला जात नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन बारावी करता येते. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिलच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुमारास. तिन्ही विषयांना प्रात्यक्षिक असते आणि अनेकजणी तिथेच अडकतात. म्हणून अभ्यास केंद्र निवडताना प्रयोगशाळा खरोखर चालू आहे का ते जाऊन पाहावे. तिन्ही विषय एकदम उरकायची घाई करू नये. नोकरी सांभाळून आधी जीवशास्त्र, कारण त्यातले निम्मे रोज डोळ्यांसमोर असते. आणि पुढे ज्या अभ्यासक्रमाला जायचे त्याच्या प्रवेशनियमात हे विषय कसे धरले जातात ते अर्ज भरण्याआधी वाचून घ्यावे.

बारावी झालेलीला इग्नूचा आरोग्यसेवेतील कचरा व्यवस्थापनाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम दूरशिक्षणाने करता येतो, तो या कामाशी थेट जोडलेला आहे. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलची ‘डेंटल असिस्टंट’ ही कौशल्य पात्रता आहे. या दोन्हींचा फायदा आहे, पण पदवीकडे जाणारा जिना त्यातून आपोआप तयार होत नाही. दोन पायऱ्या इकडे आणि दोन तिकडे, मधल्या पायऱ्याच नाहीत, अशी ही स्थिती आहे.

आमची मागणी या मधल्या जागेबद्दल आहे. साधने नवी शोधायची गरज नाही. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात (नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क), २०२३ पासून, ३० तासांच्या शिक्षणाला १ श्रेयांक आणि वर्षाला ४० श्रेयांक असा हिशेब ठरलेला आहे. आधी मिळवलेल्या कौशल्याला मूल्यमापन करून श्रेयांक देण्याची सोय त्यात आहे. २०२१ पासूनच्या शैक्षणिक श्रेयांक बँकेत ते साधारण सात वर्षे जपून ठेवता येतात. ४० श्रेयांकांना प्रमाणपत्र, ८० ला पदविका, १२० ला तीन वर्षांची पदवी, अशी मधेच थांबायची आणि पुन्हा चढायची मुभा आहे. लग्न, बाळंतपण, घरातले आजारपण यांमुळे शिक्षण तुटणाऱ्या मुलींना याहून सोयीची रचना दुसरी नाही.

नागपुरात हे कसे बसेल ते आकड्यांत मांडतो. इथले बहुतेक दंत दवाखाने सकाळी साडेदहा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते नऊ असे चालतात. दुपारची मधली वेळ रिकामी असते. अडीच ते साडेचार असा दोन तासांचा वर्ग आठवड्यातून चार दिवस घेतला तर ४० आठवड्यांत ३२० तास होतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत रविवारी चार तास, असे ३० रविवार, म्हणजे १२०. घरचा अभ्यास आठवड्याला पाच तास, म्हणजे २००. उरलेले ५६० तास दवाखान्यातल्या साक्षांकित कामाचे, आठवड्याला १४. बेरीज १,२०० तास, म्हणजे ४० श्रेयांक. मुलगी दवाखान्यात या ५६० तासांच्या दुपटीहून जास्त तास उभी असते, पण सगळे तास मोजू नयेत. ज्या कामाची नोंद आहे, ज्यावर दंतवैद्यांची सही आहे आणि जे महाविद्यालयातल्या शिक्षकांनी हातात हत्यारे देऊन तपासले आहे, तेवढेच मोजावे. नुसत्या वर्षांचे श्रेयांक वाटले तर चुकीच्या सवयीलाही पदवी मिळेल. मे महिन्यात भर दुपारी मुलींना शहराच्या या टोकापासून त्या टोकाला बोलावू नये. तेवढा महिना वर्ग मोबाइलवर घ्यावेत.

जागाही आहेत. मेडिकल चौक परिसरात १९६८ पासूनचे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, हिंगणा मार्गाच्या बाजूला डिगडोह आणि वानाडोंगरीला खासगी दंत महाविद्यालये आहेत, आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे विभागीय केंद्र नागपुरात आहे. मेडिकल चौक गावाच्या मध्याला पडतो, ‘आपली बस’ने सगळीकडून येता येते, म्हणून पहिली तुकडी तिथे व्हावी असे आम्हाला वाटते.

पहिल्या वर्षी तोंडाची रचना, सूक्ष्मजीवशास्त्र, निर्जंतुकीकरण, साहित्य आणि दातांची दोन आकडी मोजणी (पहिला आकडा तोंडाच्या चौथ्या भागाचा, दुसरा दाताचा) शिकवावी. ही मोजणी किरकोळ वाटते, पण तिथे चूक झाली तर चुकीच्या दाताचा एक्स-रे निघतो. वरच्या उजव्या पहिल्या मोठ्या दाढेला ‘सोळा’ म्हणायचे नाही, ‘एक-सहा’ म्हणायचे, कारण अमेरिकी पद्धतीत १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये तीच पद्धत आधीपासून लावलेली असते. दुसऱ्या वर्षी किरणोत्सर्गापासून सुरक्षितता, खुर्चीवर रुग्णाला भोवळ आली तर काय करायचे, सीपीआर, भूल देण्याच्या औषधाचा हिशेब. २ टक्के लिग्नोकेन म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. ५० किलोच्या रुग्णाला किती मिलिलिटर गेले की डॉक्टरांना आठवण करून द्यायची, हा प्रश्न तिला परीक्षेत आलाच पाहिजे. एक्स-रे घेताना नळीपासून किमान २ मीटर आणि किरणांच्या थेट रेषेबाहेर उभे राहायचे, रुग्णाच्या तोंडातली फिल्म आपल्या बोटाने कधीही धरायची नाही, यंत्राची नोंद अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा प्रणालीवर आहे का ते पाहायचे, हेही याच वर्षी.

तिसरे वर्ष विदर्भाला जपून आखावे. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाऊन तोंड उघडेनासे झालेले रुग्ण इथल्या प्रत्येक दवाखान्यात येतात. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर पट्टीने मोजून लिहिणे, ३५ मिलिमीटरच्या खाली असेल तर डॉक्टरांच्या लक्षात आणून देणे, पुढच्या भेटीला पुन्हा मोजणे, खर्रा सोडू इच्छिणाऱ्याला १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर तिथल्या तिथे फोन लावून देणे, हे प्रशिक्षित साहाय्यक करू शकते. डॉक्टर तोंडात पाहत असतात त्या दहा मिनिटांत रुग्ण जे बोलत नाही, ते बाहेर बाकावर बसल्यावर ताईजवळ बोलतो. पदवीच्या वर्षी प्रत्येकीने आपल्या वस्तीतल्या किंवा गावातल्या अशा रुग्णांची पद्धतशीर नोंद करावी. सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण याहून चांगले मिळणार नाही. पदवी हातात आली की रुग्णालय प्रशासन, सार्वजनिक आरोग्य, संसर्ग नियंत्रण या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची दारे उघडतात, आणि पुढच्या तुकड्यांना शिकवायला याच मुली येतील.

या पदवीने स्केलिंगचा हक्क देऊ नये, हेही आम्ही स्पष्ट म्हणतो. तो हक्क दंत आरोग्यकाच्या नोंदणीतूनच यावा. विद्यापीठाला तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम परस्पर कमी करता येणार नाही, आणि येऊही नये.

दंतवैद्यांची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो: ‘शिकवली की सोडून जाते.’ त्यात तथ्य आहे. दोन-तीन हजार रुपये जास्त मिळाले की मुलगी शेजारच्या दवाखान्यात जाते, कारण दोन्हीकडे तिचे भविष्य सारखेच असते. अभ्यासक्रमाचे साक्षांकित तास एकाच दवाखान्यात सलग वर्षभर भरावेत अशी अट ठेवली तर दवाखान्यालाही स्थैर्य मिळेल. अडाणी हाताचा खर्च तर आजही होतोच आहे: पुन्हा घेतलेली मापे, प्रयोगशाळेतून परत आलेल्या कॅप, अकाली गेलेले हँडपीस. ते बिलात ‘साहाय्यकेचे शिक्षण नाही’ या नावाने येत नाही एवढेच.

शासनाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफीची सवलत २०२४-२५ पासून वाढवली. हा अभ्यासक्रम त्या यादीत बसेल अशा रीतीनेच मान्य व्हावा. नाहीतर दरमहा हातावर पगार घेणाऱ्या मुलीला शुल्क कुठून परवडणार?

अभ्यासक्रम सुरू होईपर्यंत थांबू नये, असे मुलींना सांगतो. कागद आजपासून जमवायला लागा. नेमणुकीचे पत्र मागा, साधे एका पानाचे चालेल. त्यावर रुजू झाल्याची तारीख आणि काम लिहिलेले असावे. पगार रोख न घेता बँकेत घ्या, कारण अनुभवाचा तो सर्वात भक्कम पुरावा. दोनशे पानी वही घेऊन रोज नोंद करा: तारीख, कोणती प्रक्रिया, दाताचा क्रमांक, तुम्ही काय केले, कोणते साहित्य किती कालवले, काय बिघडले आणि का. रुग्णाचे नाव कधीही लिहू नका, दवाखान्याचा केस क्रमांक लिहा. ऑटोक्लेव्हच्या प्रत्येक फेरीची वेगळी नोंद ठेवा: वेळ, तापमान, दाब, पट्टीचा निकाल, बीजाणू चाचणीची तारीख. महिन्याच्या शेवटी डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांकासह शिक्का घ्या. सहा महिन्यांच्या सह्या एकदम मागितल्या की त्यांचे मोल जाते. लसीचे कार्ड आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे त्याच फाइलीत ठेवा. डिजिलॉकर असेल तर श्रेयांक बँकेचे खाते तिथूनच उघडता येते.

परदेशाबद्दल थोडक्यात, कारण जाहिरातींत तो उल्लेख हमखास असतो. ब्रिटनमध्ये डेंटल नर्स हे खरोखर नोंदणीकृत पद आहे. तिथल्या जनरल डेंटल कौन्सिलकडे नोंदणी २००८ पासून सक्तीची आहे. दर पाच वर्षांत ५० तासांचे पुढील शिक्षण दाखवावे लागते. जादा प्रशिक्षण घेऊन एक्स-रे काढणे, दंतवैद्यांच्या सूचनेवरून फ्लोराइड वार्निश लावणे अशी कामे तिला करता येतात, आणि विद्यापीठात जाऊन ती डेंटल थेरपिस्ट होऊ शकते. नुसत्या अनुभवाच्या पत्रावर तिथे नोंदणी होत नाही, पात्रता लागते. जर्मनीत दंत साहाय्यकाचे शिक्षण तीन वर्षांचे, दवाखान्यात काम आणि शाळेत वर्ग असे जोडीने चालते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही केला आहे. काम आणि शिक्षण एकत्र चालू शकते याचे हे चालते-बोलते उदाहरण आहे, आणि ते पाहायला जर्मनीला जायची गरज नाही, तेच मेडिकल चौकात उभे करता येईल.

पहिल्या तुकडीला २० जागा पुरेत. पाच-पाच जणींचे चार गट, प्रत्येक गटाला एक शिक्षक आणि एक ऑटोक्लेव्ह. शिकवण्याची भाषा मराठी असावी, संज्ञा देवनागरीत आणि इंग्रजीतही लिहून द्याव्यात, आणि प्रात्यक्षिक परीक्षेला पहिला प्रश्न असा असावा: टाकीतले गरम पाणी, मापाचा चमचा, अल्जिनेटचा डबा आणि माठ समोर ठेवायचा, आणि बिनचूक माप घेऊन दाखवायला सांगायचे.

आपले,
दंत साहाय्यकांना शिकवणारे काही जण,
नागपूर